शब्दामागचा शब्द : लेखांक ७ – ‘चार्ज’चं ओझं

मोबाइल चार्जिंगला लावला. नव्या साहेबांनी कालच चार्ज घेतला. पोलिसांनी चार्जशीट दाखल केलं. हॉटेलवाल्याने बिलात सर्व्हिस चार्ज लावला. मोर्चावर लाठीचार्ज झाला. बोलताना यातल्या एकाही वाक्यापाशी मराठी माणूस अडखळत नाही. अडतं ते लिहायला बसल्यावर. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात हाच ‘चार्ज’ प्रभार होतो, विजेच्या बिलावर आकार होतो, कचेरीत पदभार किंवा कार्यभार होतो, कोर्टात दोषारोप, रस्त्यावर लाठीमार आणि सातबाऱ्यावर बोजा.

इंग्रजी-मराठी कोश उघडला की हे सगळे शब्द स्वल्पविराम देऊन एका ओळीत बसवलेले असतात. घाईत असलेला भाषांतरकार त्यातला पहिला दिसेल तो उचलतो. हे शब्द एकमेकांचे पर्याय आहेत असा त्या ओळीमुळे समज होतो, आणि तो साफ चुकीचा आहे. ‘पदभार’च्या जागी ‘आकार’ चालत नाही, ‘बोजा’च्या जागी ‘दोषारोप’ तर मुळीच नाही. मग निवड कशी करायची? माझ्या अनुभवात एक प्रश्न पुरतो : इथे ओझं कसलं आहे, आणि ते कुणाच्या अंगावर पडतंय? याचं उत्तर सापडलं की मराठी शब्द शोधावा लागत नाही. आणि उत्तर चुकलं तर नुसतं भाषांतर बिघडत नाही. आरोपी, ग्राहक, शेतकरी अशा कुणाला तरी त्याची किंमत मोजावी लागते.

ओझ्याची गोष्ट मी पदरची जोडत नाही. या शब्दाच्या मुळातच ओझं आहे. आजच्या फ्रान्सच्या बाजूला राहणाऱ्या केल्टिक लोकांकडून गाडीसाठीचा एक शब्द लॅटिनने उचलला, ‘कार्रुस’. गाडीत माल लादायचा तो ‘कार्रिकारे’. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत येईपर्यंत त्याचा ‘चार्ज’ झाला. ‘कार’, ‘कॅरी’, ‘कार्गो’ ही सगळी त्याच घरातली भावंडं. इटालियन भाषेत या घराण्याची एक लेक चित्रकलेत गेली. एखाद्याच्या चेहऱ्यावरचं नाक किंवा हनुवटी मुद्दाम वाढवून, चेहऱ्यावर जास्तीचं लादून काढलेलं चित्र, म्हणून ‘कॅरिकेचर’. मराठीने त्याला अर्कचित्र म्हटलं. तिकडे चेहऱ्यावर भर घालतात, इकडे चेहऱ्याचा अर्क काढतात. दोन भाषांनी एकाच कलेकडे दोन टोकांनी पाहिलं, आणि मला आपला शब्द अधिक नेमका वाटतो.

आता बंदुकीकडे वळू, कारण ‘चार्ज’चा मोबाइलपर्यंतचा रस्ता बंदुकीतून जातो. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी वरून, नळीच्या तोंडातून, गजाने ठासून भरावी लागे. इंग्रजीत त्या भरलेल्या मालाला ‘चार्ज’ म्हणत. मराठीत त्याला बार म्हणतात. बार भरला, बार उडाला, बार फुसका निघाला. लग्नाचाही बारच उडवतात. हा ‘बार’ फारसीतून आला आणि फारसीत त्याचा अर्थ ओझं असाच आहे. धान्याच्या पोत्यांना बारदान म्हणतात ते त्याच ‘बार’वरून. संस्कृतातला ‘भार’ आणि फारसीतला ‘बार’ एकाच प्राचीन मुळाचे. म्हणजे इंग्रजांनी बंदुकीत ओझं भरलं आणि आपणही ओझंच भरलं. कुणी कुणाचं भाषांतर केलेलं नाही.

१७४५-४६च्या सुमारास युरोपात लायडन जार नावाचं साधन तयार झालं. काचेची बरणी, तिला आतून-बाहेरून धातूचा पत्रा, आणि घर्षणाने तयार झालेली वीज त्यात साठवायची. हात लावला की जोराचा झटका. अमेरिकेत फिलाडेल्फियाला बेंजामिन फ्रँकलिन याच बरण्यांवर प्रयोग करत होता आणि आपली निरीक्षणं लंडनच्या पीटर कॉलिन्सनला पत्रांतून कळवत होता. ही बरणी भरते आणि एका क्षणात सुटते, म्हणून तोफाबंदुकांची भाषा तिला चपखल बसली. बरणी ‘चार्ज’ होते, ‘डिस्चार्ज’ होते. एकत्र जोडलेल्या अनेक बरण्यांच्या संचाला फ्रँकलिनने ‘बॅटरी’ म्हटलं. बॅटरी म्हणजे मुळात मांडून ठेवलेल्या तोफांची रांग. धन आणि ऋण ही विजेच्या हिशेबातली चिन्हंही त्यानेच रूढ केली. आपल्या खिशातल्या फोनच्या बॅटरीला आणि चार्जिंगला अशी तोफखान्याची नावं मिळाली.

मराठी शास्त्रीय परिभाषेने विजेच्या ‘चार्ज’ला प्रभार म्हटलं, धनप्रभार, ऋणप्रभार, प्रभारित कण. ‘भार’ हा शब्द विजेच्या ‘लोड’साठी आधीच गुंतलेला होता. भारनियमनाचा शब्द महाराष्ट्रातल्या पोराटोरांना पाठ आहे. तेव्हा ‘भार’ला ‘प्र’ लावून वेगळा शब्द घडवणं शहाणपणाचं होतं. तरी विद्यार्थी इथे गोंधळतात आणि त्याचं कारण मोबाइल आहे. ‘फोन चार्ज केला म्हणजे त्यात प्रभार भरला’ असं त्यांना वाटतं. तसं होत नाही. फोनची लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरलेली असो की संपलेली, तिच्यातला एकूण प्रभार शून्यच असतो. एका टोकाने जितके इलेक्ट्रॉन आत जातात तितकेच दुसऱ्या टोकाने बाहेर येतात. चार्ज करताना लिथियमचे आयन एका पट्टीतून निघून दुसऱ्या पट्टीत जाऊन बसतात. त्यांना तिथे ढकलायला वीज खर्ची पडते आणि ती रासायनिक ऊर्जेच्या रूपात साठते. फोन वापरला की आयन परत मूळ जागी येतात. बॅटरीवर ५००० मिलिअँपिअर-तास लिहिलेलं असतं, ते पूर्ण वापरात तारेतून किती प्रभार वाहील याचं माप आहे : १८,००० कूलोम. हा प्रभार वाहून जाणारा आहे, साठून राहणारा नाही. म्हणून ‘फोन प्रभारित करा’ हे भाषांतर शास्त्राला धरूनही चुकीचं आणि कानालाही खटकणारं. आपण फोन चार्जिंगला लावतो, आणि तेच लिहावं.

संपलेल्या बॅटरीला मराठीत सुंदर क्रियापद आहे. बॅटरी उतरली. डोक्यावरचं ओझं उतरावं तशी ती उतरते, आणि ‘डिस्चार्ज’चा मूळ अर्थ नेमका ओझं उतरवणं हाच आहे. रेडिओ-विजेरीच्या काळात लोकांनी कोश न उघडता हा शब्द लावला. याच ‘डिस्चार्ज’ला धरणावर मात्र विसर्ग म्हणतात. पावसाळ्यात खडकवासल्यातून मुठेच्या पात्रात किती क्युसेक विसर्ग सुरू आहे, याकडे पुण्यातल्या नदीकाठच्या वस्त्यांचे कान लागलेले असतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर पाणी. हा शब्द सरकारी असूनही रुळला, कारण त्यावर माणसांचं सामान हलवायचं की नाही ते ठरतं. दवाखान्यातून ‘डिस्चार्ज’ मिळाला तर मात्र विसर्ग नाही. तिथे माणसाला घरी सोडलं. आणि ‘रिचार्ज’? विहिरीचं पुनर्भरण होतं, मोबाइलला रिचार्ज मारतात. दोन्ही शब्द आपापल्या जागी पक्के आहेत.

आता विजेचं बिल हातात घेऊ. वर ‘मंजूर भार’ असतो, म्हणजे तुमच्या घराला किती किलोवॅटपर्यंत वीज घ्यायची परवानगी आहे. खाली रकमा सुरू होतात : स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि मग वीज शुल्क. पहिले चार आकार आणि शेवटचं एकदम शुल्क, हे लेखनिकाच्या मनात आलं म्हणून झालेलं नाही. आकार म्हणजे कंपनीने दिलेल्या सेवेपोटी लावलेली रक्कम. स्थिर आकार घराला कुलूप असलं तरी भरावा लागतो, कारण जोडणी तुमच्यासाठी राखून ठेवलेली असते. वीज आकार वापरलेल्या युनिटांचा. वहन आकार तारांवरून ती वीज तुमच्या दारापर्यंत आणण्याचा. वीज शुल्क मात्र कंपनीचं नव्हे; ते राज्य सरकारचं, कंपनी फक्त गोळा करून तिजोरीत भरते. ग्राहकाने ‘तुम्ही आकार वाढवला’ म्हणून कंपनीशी भांडायचं की सरकारने शुल्क वाढवलं म्हणून लोकप्रतिनिधीला गाठायचं, हे या दोन शब्दांवर ठरतं. शुल्क हा शब्द जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शुल्काध्यक्ष नावाचा अधिकारीच आहे, नाक्यावर जकात घेणारा. त्या शब्दाला सरकारी तिजोरीचा वास आहे, तो तसाच राखावा.

हॉटेलच्या बिलात ही सरमिसळ ग्राहकाच्या खिशाला थेट लागली. १९९४ साली देशात सेवाकर सुरू झाला, तो सरकारचा कर होता, आणि १ जुलै २०१७ला तो वस्तू व सेवाकरात विलीन झाला. सर्व्हिस चार्ज हे त्याहून अगदी वेगळं : हॉटेलने आपण होऊन लावलेली रक्कम, सरकारचा तिच्याशी संबंध नाही. सेवाकर, सेवाशुल्क, सेवा आकार हे तिन्ही शब्द कुणी कुठेही वापरत राहिल्याने ‘सरकारचंच असेल’ असं समजून लोक निमूट पैसे देत राहिले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२मध्ये मार्गदर्शक सूचना काढून सांगितलं, की हॉटेलांनी ही रक्कम बिलात आपोआप लावू नये. ‘चार्ज’ला इथे शुल्क म्हणणं मला मान्य नाही. सेवा आकार म्हणा, म्हणजे तो हॉटेलचा आहे हे वाचतानाच कळेल.

कचेरीतल्या ‘चार्ज’बद्दल थोडक्यात. पदभार स्वीकारला, कार्यभार सोपवला, अतिरिक्त कार्यभार दिला, हे शब्द बसलेले आहेत आणि ओझं कुणाच्या खांद्यावर हेही त्यात स्पष्ट आहे. घोटाळा ‘प्रभारी’चा. मराठी कचेरीत प्रभारी म्हणजे तात्पुरता. प्रभारी मुख्याध्यापक, प्रभारी कुलगुरू. कायमचा माणूस येईपर्यंत गाडा ओढणारा. हिंदीत मात्र प्रभारी म्हणजे ज्याच्याकडे जबाबदारी आहे तो, तात्पुरतेपणाचा तिथे संबंध नाही. दिल्लीहून एखाद्या पक्षाचे ‘महाराष्ट्र प्रभारी’ नेमले गेल्याची बातमी येते तेव्हा तो हिंदी प्रभारी असतो. पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी म्हटलं की मग वाचकाला कळत नाही, हा हंगामी की कायमचा. अशा ठिकाणी ‘ठाण्याचे प्रमुख’ लिहिलं तर काय बिघडतं? सरकारी दवाखान्यांनी हा प्रश्न सोडवला. वॉर्डच्या ‘सिस्टर इन्चार्ज’ला त्यांनी परिसेविका म्हटलं आणि प्रभाराच्या भानगडीतच पडले नाहीत.

कोर्टात मात्र मला जरा थांबायचं आहे. ‘अमुक माणूस चार्ज्ड’ अशी इंग्रजी बातमी येते आणि मराठीत ती कधी ‘गुन्हा दाखल’, कधी ‘आरोपपत्र दाखल’, कधी ‘आरोप निश्चित’ अशी छापली जाते. आपल्या देशात या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत आणि त्यांच्यामध्ये महिने, कधी वर्षं जातात. गुन्हा दाखल होणं म्हणजे पोलिसांनी तक्रार नोंदवून घेतली एवढंच. तपास पुरा झाल्यावर पोलीस कोर्टाला जो अहवाल देतात त्याला आपण चार्जशीट म्हणतो, मराठीत आरोपपत्र किंवा दोषारोपपत्र. गंमत अशी, की खुद्द फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात तो ‘पोलीस अहवाल’ आहे. १९७३च्या संहितेत त्याचं कलम १७३ होतं, १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते १९३ आहे. आरोपी कोठडीत असेल तर हा अहवाल गंभीर गुन्ह्यांत ९० आणि इतरांत ६० दिवसांत यावा लागतो. नाही आला तर जामीन मागण्याचा त्याला हक्कच मिळतो. खरा ‘चार्ज’ त्यानंतरचा. न्यायाधीश कागद पाहतात, दोन्ही बाजू ऐकतात, आणि खटला चालवण्यापुरतं तथ्य आहे असं वाटलं तर कोणत्या कलमाखाली, कोणत्या कृत्याबद्दल, हे लिहून काढतात. तो मजकूर आरोपीला वाचून, समजावून दाखवतात आणि विचारतात, गुन्हा कबूल आहे का? ओझं त्या क्षणी त्याच्या अंगावर येतं. हा दोषारोप. तो ठेवण्याआधीच न्यायाधीशांना कागदांत काही आढळलं नाही तर माणूस ‘डिस्चार्ज’ होतो, म्हणजे खटल्याचं ओझं त्याच्यावर चढलंच नाही. पूर्ण खटला चालून तो सुटला तर ते वेगळं. मराठी बातम्यांत दोन्हींना ‘दोषमुक्त’ म्हणतात. मी पहिल्याला आरोपमुक्त आणि दुसऱ्याला निर्दोष मुक्तता म्हणावं असं आग्रहाने सांगेन. ज्याच्यावर कधी खटलाच उभा राहिला नाही त्याच्या नावापुढे ‘दोष’ हा शब्द तरी कशाला?

कोर्टातला आणखी एक ‘चार्ज’ मुंबईच्या इतिहासात गाजला. एप्रिल १९५९मध्ये नौदल अधिकारी कावस नाणावटी यांनी प्रेम आहुजा यांना गोळ्या घातल्या. सत्र न्यायालयात ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं. न्यायाधीशांना तो कौल पटला नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. तिथे नाणावटी दोषी ठरले आणि नोव्हेंबर १९६१मध्ये सुप्रीम कोर्टाने ती शिक्षा कायम केली. या वादात न्यायाधीशांनी ज्यूरीला केलेल्या ‘चार्ज’मधल्या चुका हा मोठा मुद्दा होता. इथला ‘चार्ज’ आरोप नव्हे. पुरावा संपल्यावर न्यायाधीश ज्यूरीला कायदा समजावून सांगत, पुराव्याचं ओझं कुणावर आहे ते सांगत आणि निर्णयाची जबाबदारी तिच्या हवाली करत, त्या भाषणाला हे नाव होतं. ‘ज्यूरीवरील आरोप’ असं त्याचं भाषांतर केलं तर निकालपत्राचा अर्थच उलटापालटा होईल. ओझं कुणावर, हा प्रश्न विचारला की उत्तर मिळतं : निर्णयाचं ओझं, ज्यूरीवर. मी त्याला ज्यूरीला केलेलं निर्देशन म्हणेन.

युद्धातला ‘चार्ज’ म्हणजे भाले रोखून शत्रूवर केलेली धाव. बालाक्लाव्हाला २५ ऑक्टोबर १८५४ रोजी ब्रिटिशांच्या हलक्या घोडदळाचे सुमारे ६७० स्वार चुकीच्या समजुतीने रशियन तोफांच्या तोंडी गेले, ती धाव टेनिसनच्या कवितेमुळे जगाला माहीत झाली. २३ सप्टेंबर १९१८ रोजी हैफा शहर जोधपूर आणि म्हैसूरच्या भारतीय स्वारांनी अशाच धावेत घेतलं. मराठीला या अर्थासाठी शब्द उसने घ्यावे लागत नाहीत : चढाई, हल्ला, चाल करून जाणं, तुटून पडणं, मुसंडी मारणं. प्रत्येकाची चाल निराळी. चढाईत वेळ आणि बेत असतो, मुसंडीत नुसती धडक.

पण हिंदुस्थानात या रणांगणावरच्या शब्दाला लाठी जोडली गेली, आणि नि:शस्त्र गर्दीवर पोलीस धावून जाणं म्हणजे ‘लाठीचार्ज’ झालं. मराठीने लाठीहल्लाही म्हटलं, पण टिकला तो लाठीमार. मला हा शब्द प्रामाणिक वाटतो. ‘चार्ज’ सांगतो पोलिसांनी काय केलं, ‘मार’ सांगतो समोरच्या अंगावर काय पडलं. म्हणूनच ‘सौम्य लाठीमार’ हे बातमीतलं ठरीव विशेषण खुपतं. ते पोलिसांच्या निवेदनातून येतं, आणि डोकं फुटलेल्या माणसाला न विचारता बातमीत उतरतं. जमाव पांगवण्यापूर्वी पांगण्याचा आदेश द्यावा, आणि त्यानंतरही जमाव हटला नाही तर बळ वापरावं, असा कायद्याचा क्रम आहे. नव्या संहितेत तो कलम १४८मध्ये आहे. आदेश दिला होता का, किती जण जखमी झाले, कुणाला कुठे लागलं, हे बातमीत लिहावं. सौम्य की कठोर, ते वाचक ठरवेल.

शेवटचा ‘चार्ज’ सातबाऱ्यावरचा. हा चार्ज मूक आहे, आणि सगळ्यात जास्त काळ टिकतो. स्थावर मालमत्ता एखाद्या देण्यासाठी तारण असते पण ती रीतसर गहाण दिलेली नसते, तेव्हा त्या तारणाला १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १००मध्ये ‘चार्ज’ म्हटलंय. महाराष्ट्रात शेतकरी गावच्या विविध कार्यकारी सोसायटीतून कर्ज उचलतो तेव्हा १९६०च्या सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ४८नुसार तो जाहीरनामा लिहून देतो, आणि त्याच्या जमिनीवर हा ‘चार्ज’ बसतो. शेतकरी त्याला बोजा म्हणतो. बोजा चढवला, बोजा कमी केला. यापेक्षा नेमका शब्द कोणत्याही कोशात मिळणार नाही.

सातबारा एकदा समोर धरून पाहा. क्षेत्राच्या शेजारी आकाराचा रकाना असतो, रुपये-पैशांत. हा त्या जमिनीवर बसवलेला सारा. वीजबिलातला आकार इथूनच, जमीन महसुलाच्या भाषेतून गेलेला असावा. म्हणजे सरकारचा ‘चार्ज’ आकार या नावाने एका बाजूला बसलाय. आणि ‘इतर अधिकार’ असं लिहिलेल्या भागात सोसायटीचं किंवा बँकेचं नाव, बोजाची रक्कम आणि फेरफार क्रमांक. तो ‘चार्ज’ सावकाराचा, म्हणजे कर्ज देणाऱ्याचा. कर्ज फिटलं की तिथली नोंद आपोआप जात नाही. बँकेकडून कर्ज फिटल्याचा दाखला घ्यावा लागतो, तो तलाठ्याकडे, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे द्यावा लागतो. मग फेरफार धरला जातो, मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात, आणि त्यानंतर बोजा उतरतो. बँकेने सांगितलं ‘तुमचं खातं बंद झालं’ म्हणून शेतकरी निर्धास्त घरी येतो आणि सातबारा तसाच राहतो. फेडलेल्या कर्जाचा बोजा जमिनीवर पिढीभर राहतो. वाटणीच्या वेळी, नव्या कर्जाच्या वेळी, मुलीच्या शिक्षणासाठी गुंठाभर विकायची वेळ आली की तो उभा ठाकतो. खरेदीखतात तर मिळकत बोजारहित आहे असं लिहून द्यावं लागतं. तोवर ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असते, सोसायटीचे जुने कागद सापडत नाहीत, ज्याने कर्ज घेतलं आणि फेडलं तो आजोबाही हयात नसतो.

बँकांचे कागद बहुधा इंग्रजीत असतात. त्यांत ‘चार्ज’ लिहिलेलं असतं, ‘सॅटिस्फॅक्शन ऑफ चार्ज’ लिहिलेलं असतं, आणि कर्ज फेडणाऱ्याला त्याचा सातबाऱ्याशी काय संबंध ते उमगत नाही. त्या पत्रात एकच मराठी ओळ हवी : हा दाखला तलाठ्याकडे देऊन सातबाऱ्यावरचा बोजा कमी करून घ्या. ही ओळ छापायला खर्च येत नाही. बँकेत, सोसायटीत, महसूल खात्यात काम करणारे जे वाचक ही लेखमाला वाचतात, त्यांना माझी विनंती आहे की आपल्या कचेरीच्या नमुन्यात ती घालून घ्या.

आणि ज्यांच्या नावावर जमीन आहे त्यांनी या आठवड्यात डिजिटल सातबारा काढावा. तो महाभूमीच्या संकेतस्थळावर घरबसल्या मिळतो. ‘इतर अधिकार’ वाचा. फिटलेलं कर्ज तिथे दिसलं तर बँकेचा दाखला मिळवून बोजा कमी करण्याचा अर्ज द्या. हा अर्ज आता ई-हक्क प्रणालीतूनही करता येतो. पुढच्या लेखांकात ‘बिल’ हा शब्द घेणार आहे, विधानसभेतला आणि किराणा दुकानातला.